मानेतील रोहिणी आणि तिच्यातली जाळी



कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही मानेतल्या एका रक्तवाहिनीवर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आमच्या बोलण्यात डॉक्टरीचा आव सापडला, तर आपण खुशाल हसावे. पण कुरकुंभच्या आणि रांजणगावच्या कारखान्यांतील माणसे दवाखान्याची कागदपत्रे घेऊन आमच्याकडे येतात. त्यांत 'अंगावरून वारं गेलं' असे सांगत येणारी घरे इतकी झाली, की हे वारे येते कोठून याचा शोध घेणे आम्हाला भाग पडले.

कंठमण्याच्या बाजूला हलके बोट ठेवले तर ठोका लागतो. तीच ती वाहिनी. (दोन्ही बाजू एकदम दाबून पाहू नयेत.) इंग्रजीत तिला कॅरॉटिड म्हणतात. शब्द मुळात ग्रीक. त्याच्या धातूचा अर्थ गुंगी आणणे असा, कारण ती दाबली की माणूस गुंगतो हे त्या लोकांना ठाऊक होते. जुन्या मराठी पुस्तकांत शुद्ध रक्ताच्या वाहिनीला रोहिणी आणि अशुद्ध रक्ताच्या वाहिनीला नीला म्हणत. आम्हाला ते शब्द आवडतात, म्हणून आज तेच वापरतो. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणी चार: दोन मानेच्या पुढच्या अंगाला, दोन मणक्यांतून. पुढच्या दोघींवरच मुख्य भार. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके. पण रक्तातला सहावा-सातवा वाटा तो एकटा घेतो. आपल्या बेटात पाण्याच्या पाळीवरून भांडणे होतात. शरीरात मेंदूची पाळी कधी चुकत नाही, आणि चुकली तर काही मिनिटांत पीक जळते.

कंठमण्याच्या पातळीला ही रोहिणी दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे, दुसरा मेंदूकडे. पाटाला जेथे फाटा फुटतो तेथे पाणी घोटाळते आणि गाळ धरतो, हे भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या मध्ये राहणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. रोहिणीतही त्याच जागी थर धरतो. फरक एवढाच, की हा थर पाइपातल्या गाळासारखा वरून बसत नाही. चरबी, चुना आणि मेलेल्या पेशी यांचा तो भिंतीच्या आतच वाढतो आणि भिंत आतल्या बाजूला फुगवतो. रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी आणि तंबाखू ही त्याची खते. मशेरी धरून तंबाखू.

येथे एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. लोकांना वाटते, नळ तुंबला, रक्त पोचले नाही, म्हणून वारे गेले. तसेही होते, पण बहुतेक वेळा घडते ते निराळेच. थराला चीर जाते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि तिचा किंवा थराचा एक कण सुटून प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकतो. म्हणजे धोका अरुंदपणात जेवढा, त्याहून अधिक तो सुटणाऱ्या कणात. मेंदूच्या तळाशी चारही रोहिणींना जोडणारे एक कडे असते. त्यामुळे एका बाजूची रोहिणी हळूहळू पुरती बंद पडूनही हिंडणारी माणसे आहेत. पण सुटलेल्या कणाला हे कडे आवरू शकत नाही. उपकरणांची सारी कथा या एका कणाभोवती फिरते. तो ध्यानात ठेवावा.

प्रत्येक पक्षाघात मानेतूनच येतो असे मात्र नव्हे. काही वेळा मेंदूत रक्तस्राव होतो, काही वेळा गुठळी हृदयातून येते. आणि आपल्याकडच्या लोकांत कवटीच्या आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळते. मानेचा वाटा त्यांतला एक. पण तो आधी सूचना देतो, म्हणून मोलाचा.

सूचना कशी देतो, ते एका सभासदाच्या हकिगतीवरून सांगतो. हा गृहस्थ बॉयलरवर होता. एके सकाळी त्याच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा उतरला आणि दहा मिनिटांत वर गेला. डोळा साफ. तो पाळीवर गेला, संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलून आला. पंधरा दिवसांनी उजवा हात पडला आणि वाचा गेली. डावा डोळा आणि डावा मेंदू यांना रक्त पुरवणारी रोहिणी एकच. डोळ्यापुढचा पडदा म्हणजे पहिला, लहानसा कण होता. तोंड वाकडे होणे, हाताची ताकद जाणे, शब्द अडखळणे आणि घटकाभरात सारे पूर्ववत होणे, ही त्याच जातीची चिन्हे. बरे वाटले म्हणून घरी बसण्याची ही वेळ नव्हे. कारण मोठ्या झटक्याचा सर्वांत अधिक धोका त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच असतो. मानेची सोनोग्राफी साधी तपासणी आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. शस्त्रक्रिया करायची झाली तर ती दोन आठवड्यांच्या आत करावी, असे आज या विषयातले जाणते सांगतात. म्हणजे आमच्या सभासदाने जे पंधरा दिवस चष्म्यात घालवले, तेच कामाचे होते.

पुढे त्याला एका खाजगी दवाखान्यात नेले. दवाखान्याचे नाव घेत नाही. तेथे खर्चाचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहून मिळाला: जाळीचे वेगळे, फुग्याचे वेगळे, आणि खाली 'छत्री' असे लिहून तिचे वेगळे. त्याच्या बायकोने विचारले, ही छत्री कशाची? उत्तर मिळाले, "ती संरक्षणाची. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा." त्या माउलीने रात्री आम्हाला फोन केला: "दादा, छत्री घ्यावी का?" या प्रश्नाने आम्हाला हा विषय वाचायला लावला. त्या गृहस्थाची शेवटी एका सरकारी रुग्णालयात मान उघडूनच शस्त्रक्रिया झाली. वाचा बरीचशी परतली. हात पुरता परतला नाही.

आता ही छत्री काय आहे ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मानेतल्या रोहिणीचा आणि पक्षाघाताचा संबंध १९५१ साली कॅनडातील डॉ. मिलर फिशर यांनी ठसठशीतपणे मांडला. त्याआधी मेंदूचा रोग मेंदूतच शोधत. संबंध कळल्यावर शस्त्रवैद्य थांबतात कसले! १९५३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. डीबेकी यांनी एका रुग्णाची मान उघडून, रोहिणी चिरून आतला थर खरवडून काढला. हा रुग्ण शाळेची बस चालवणारा होता, आणि तो पुढे एकोणीस वर्षे जगला. मोठमोठ्या शोधांच्या इतिहासात पहिला देह बहुधा कष्टकऱ्याचाच असतो. या वेळी तो वाचला, याचा आम्हाला आनंद आहे. १९५४ च्या मे महिन्यात लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात एका बाईची शस्त्रक्रिया झाली. तिला असे सूचनेचे झटके वारंवार येत होते. मेंदूने रक्ताविना थोडा वेळ तग धरावा म्हणून तिचे अंग थंड करून घेतले, रोगट तुकडा कापून टाकला आणि दोन टोके जोडली. तिचे झटके थांबले.

पण शस्त्रक्रियेने नक्की लाभ होतो, हे मोजून सिद्ध व्हायला पुढे पस्तीसच्या वर वर्षे गेली. १९९१ साली उत्तर अमेरिकेतील मोठ्या तौलनिक चाचणीचा निकाल आला. ज्यांना झटका येऊन गेला आहे आणि ज्यांची रोहिणी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद आहे, त्यांच्यात केवळ औषधांवर ठेवलेल्या शंभरांपैकी सव्वीस जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत नऊ जणांना. एवढा ढळढळीत फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

मग मान न उघडता हेच करता आले तर? जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी घालायची, ती छातीतल्या मोठ्या कमानीवरून मानेत न्यायची आणि अरुंद जागी फुगा फुगवायचा. जर्मनीचे डॉ. क्लाउस माथियास यांनी १९८० च्या सुमारास हे माणसात करून दाखवले. टाका नाही, पूर्ण भूल नाही, मानेवर व्रण नाही. ऐकणाऱ्याला वाटते, लहान चीर म्हणजे लहान धोका. आमच्या मते या विषयातला सर्वांत फसवा समज हाच. चीर कातडीवर असते. धोका मेंदूत असतो. थरावर फुगा दाबला की तो चिरडतो, आणि चिरडला की कण सुटतात. जो कण सुटू नये म्हणून हा खटाटोप, तोच आपल्या हाताने सोडल्यासारखे झाले.

यापुढची चाळीस वर्षे म्हणजे या कणाला पकडण्याची चाळीस वर्षे. दबलेली जागा पुन्हा मिटू नये म्हणून जाळी बसवू लागले. पहिल्या काही जाळ्या फुग्यावर बसवलेल्या पोलादी होत्या. छातीत त्या टिकत. मान मात्र वळते, दाबली जाते, उशीखाली चेपते. पोलादी जाळी एकदा चेपली की चेपलीच. तेव्हा निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची जाळी आली. या धातूला निटिनॉल म्हणतात. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत तो सापडला, म्हणून नावात तिची आद्याक्षरे. त्याला आपला आकार आठवतो. वेताची टोपली दाबून सोडली की उसळते, तशी ही जाळी उसळून उभी राहते.

कणासाठी फ्रान्सचे डॉ. जाक तेरों यांनी प्रथम पुढे एक फुगा अडसरासारखा लावून प्रवाह रोखला आणि सुटलेला कचरा ओढून घेतला. पुढे छत्री आली, आमच्या त्या माउलीची छत्री. अरुंद जागेच्या पुढे उघडणारी ही बारीक गाळणी. तिची छिद्रे सुमारे शंभर मायक्रॉनची, म्हणजे जाडसर केसाएवढी. रक्त पार जाते, कण अडकतो. गुऱ्हाळावर चरकातून येणारा रस काहिलीत सोडण्याआधी आपण गाळून घेतो, युक्ती तीच. पण गुळव्याला विचारा, गाळणीतून काही जात नाही का? जाते. शिवाय छत्री उघडण्यासाठी ती आधी मिटलेली असताना अरुंद जागेतूनच पलीकडे न्यावी लागते, आणि त्या वेळी तिच्यापुढे दुसरी छत्री नसते.

यावर जो तोड निघाला तो आम्हाला सर्वांत आवडतो. ठिबकवाल्या शेतकऱ्याला तो लगेच कळेल. वाळूच्या गाळणीत घाण साचली की आपण पाणी उलटे सोडतो, म्हणजे घाण शेताकडे न जाता बाहेर पडते. बॅकवॉश म्हणतो आपण. मानेतही तसेच. मानेच्या तळाशी लहान छेद घेऊन नळी थेट रोहिणीत घालायची, तिच्या खाली रोहिणी तात्पुरती चिमटून बंद करायची. मग मेंदूच्या बाजूचे रक्त, त्या कड्यातून आलेले, उलटे वाहू लागते. ते नळीतून, बाहेरच्या गाळणीतून जांघेतल्या नीलेत परत सोडायचे. प्रवाह मेंदूकडून बाहेर असतानाच जाळी बसवायची. कण सुटला तरी तो गाळणीत जातो. शिवाय जांघेपासून छातीच्या कमानीवरून येण्याचा वळसा चुकतो. हा वळसाही म्हाताऱ्या माणसात धोक्याचा, कारण कमानीच्या भिंतीलाही चुन्याचे थर असतात. अमेरिकेत २०१५ साली या पद्धतीला परवानगी मिळाली. तिच्या मुख्य चाचणीत १४१ रुग्ण होते. त्यांत पक्षाघाताचे प्रमाण दीड टक्क्याच्या आत राहिले. संख्या लहान आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही लगेच सांगून ठेवतो.

तरी एक वाट उरली. जाळी बसली, छत्री काढली, रुग्ण घरी गेला. आणि काही दिवसांनी जाळीच्या घरांतून दाबलेला थर आत उतरू लागला. काही पक्षाघात शस्त्रक्रियेच्या मेजावर न होता पुढच्या दिवसांत होतात ते असे. म्हणून आता दुहेरी जाळी निघाली आहे: मजबूत सांगाडा आणि त्याला जोडून अतिशय बारीक विणीचे दुसरे जाळे. चाळणीवर मलमलीचे फडके ताणावे तसे. इस्रायलमध्ये विकसित झालेल्या अशा एका जाळीला अमेरिकेत २०२५ साली परवानगी मिळाली.

आता छत्रीच्या चिठ्ठीकडे परत येऊ. फ्रान्समध्ये एक चाचणी चालू होती: एका गटाची मान उघडून शस्त्रक्रिया, दुसऱ्याला जाळी. सुरुवातीला छत्री वापरणे डॉक्टरच्या मर्जीवर होते. देखरेख करणाऱ्यांनी मध्येच आकडे पाहिले. छत्रीविना जाळी बसवलेल्या १५ जणांपैकी ४ जणांना महिनाभरात पक्षाघात झाला होता. छत्री लावलेल्या ५८ जणांपैकी ५ जणांना. त्यांनी छत्री सक्तीची केली. आम्ही कारखान्यातली माणसे. आम्हाला हे ओळखीचे वाटते. दाबयंत्रावर बोटे तुटत, तेव्हा मालक म्हणत, कामगार निष्काळजी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने सांगितले, यंत्राला कठडा घाला. कठडा यंत्राचा भाग झाला. तो वेगळ्या दराने विकायची वस्तू राहिली नाही. कोणताही निरीक्षक कामगाराला विचारत नाही, "बाबा, कठडा हवा का? त्याचे वेगळे पैसे पडतील." छत्री किंवा उलटा प्रवाह हा मानेच्या जाळीचा कठडा आहे. कोणता वापरायचा हे डॉक्टरने रोहिणीची ठेवण पाहून ठरवावे. क्वचित एखाद्या रुग्णात छत्री बसतच नाही, तेही त्यानेच सांगावे. पण खिसा पाहून हे ठरू नये, आणि ते रुग्णाच्या बायकोवर तर मुळीच सोपवू नये.

त्या चाचणीचे पुढे काय झाले? छत्री सक्तीची करूनही ती २००५ साली थांबवावी लागली. महिनाभरातले मृत्यू आणि पक्षाघात मिळून जाळीच्या गटात ९.६ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ३.९ टक्के. यावर मोठा वाद झाला. जाळीच्या बाजूच्यांनी म्हटले, जाळी बसवणारे पुष्कळसे हात नवशिके होते. आम्हाला हा बचाव अर्धाच पटतो. हात नवशिका असेल तर त्याची किंमत ज्या रुग्णाने मोजली, त्याला ते आधी सांगितले होते काय? पुढे अमेरिकेत आणि कॅनडात २,५०२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. जाळी बसवणाऱ्यांचे काम आधी पारखून घेतले होते. २०१० साली निकाल लागला तो असा: चार वर्षांचा एकूण हिशेब जवळजवळ सारखा, ७.२ आणि ६.८ टक्के. पण सुरुवातीच्या काळात जाळीच्या गटात पक्षाघात अधिक, ४.१ विरुद्ध २.३, आणि शस्त्रक्रियेच्या गटात हृदयविकाराचा झटका अधिक, २.३ विरुद्ध १.१. वय जसे वाढते तसे पारडे उघड्या शस्त्रक्रियेकडे झुकते, हेही तेथेच दिसले. ज्याला म्हातारपणामुळे सोपा उपाय द्यावासा वाटतो, त्यालाच तो अधिक धोक्याचा ठरू शकतो, ही गंमत नव्हे तर शिकवण आहे.

आणि ज्याला झटका आलाच नाही, नुसती तपासणीत रोहिणी अरुंद दिसली, त्याचे काय? आजकाल तपासण्यांची 'पॅकेजे' विकली जातात; त्यांतून असे पुष्कळ निघणार. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये याविषयी मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. कसोशीने औषधे दिलेल्यांत चार वर्षांत ६ टक्क्यांना अनिष्ट घडले. औषधे आणि जाळी दोन्ही दिलेल्यांत २.८ टक्क्यांना. म्हणजे जाळीचा लाभ आहे, आणि निवडक, परीक्षा घेतलेल्या हातांनी तो सिद्ध केला. पण हिशेब असाही वाचावा: शंभर जणांना जाळी बसवली तेव्हा चार वर्षांत सुमारे तिघे वाचले. चौऱ्याण्णव जण नुसत्या औषधांवरही सुखरूप होतेच. हे दोन्ही आकडे ज्याने सांगितले तो डॉक्टर आपला. जो एकच सांगतो त्याला दुसरा विचारावा.

किमतीचा प्रश्न आता टाळता येत नाही. हृदयाच्या जाळीचे उदाहरण आपल्यापुढे आहे. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने तिची कमाल किंमत बांधली: साधी जाळी ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेली २९,६०० रुपये. त्याआधी लाखाच्या वर आकारणी होत होती. एका वकिलाने दिल्लीच्या उच्च न्यायालयात खेटे घातले तेव्हा हे झाले, हे संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र तो आदेश हृदयाच्या जाळीपुरता होता. मानेची जाळी आणि छत्री त्यात नव्हती.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्या देशात बनवणे. यातली एक गोष्ट आपल्या जिल्ह्याला लागून आहे. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बेंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या साहाय्याने, त्याच निटिनॉल धातूची मेंदूतल्या रोहिणीसाठी एक विणलेली जाळी तयार केली आणि २०२१ साली ती बनवण्याचे तंत्र पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीला दिले. ही जाळी मानेच्या अरुंदपणासाठी नव्हे. मेंदूत रोहिणीला फुगा आलेला असतो, त्याच्यापासून प्रवाह वळवण्यासाठी आहे. पण बिकट प्रश्न तेच: वळणात टिकणे, जागेवरून न सरकणे, क्ष-किरणात दिसणे. या जाळीची वीण अशी, की ती पुरती दुमडली तरी आतली वाट मिटत नाही, आणि काही तारा क्ष-किरणात दिसाव्यात अशा घातलेल्या. त्या वेळी अशी जाळी देशात कोणी बनवत नव्हते आणि परदेशी जाळीला सात-आठ लाख रुपये पडत. विमानाचा धातू जाणणारे, शस्त्रवैद्य आणि पुण्याचे कारागीर एका वस्तूवर काम करतात, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. तशीच २०२५ साली दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशातील अनेक रुग्णालयांत मेंदूतली गुठळी ओढून काढणाऱ्या एका नव्या उपकरणाची चाचणी झाली.

पण स्वदेशी म्हटले की टाळ्या वाजवून थांबणे आम्हाला जमत नाही. करारापासून रुग्णाच्या रोहिणीपर्यंत अनेक पायऱ्या असतात: प्रयोगशाळा, प्राणी, मग माणसे. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार चार वर्ग आहेत आणि अशा जाळ्या सर्वांत वरच्या वर्गात येतात. चाचणीत जो माणूस निजतो तो बहुधा गरीब असतो, कारण फुकट उपचाराचे आमिष त्यालाच. त्याच्याकडून जो कागद सही करून घ्यायचा, तो त्याच्या भाषेत असावा आणि घरी नेऊन दुसऱ्याला दाखवण्याइतका वेळ त्याला मिळावा. इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा त्याचा हक्क आहे. तो कागदात लिहिलेला असतो, तेवढे पान नीट वाचावे. उपकरण सुरक्षित होते ते अशाच माणसांच्या अंगावर, आणि त्यांची नावे कोठे छापली जात नाहीत.

आता ज्यांना हे काहीच मिळत नाही त्यांच्याविषयी. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. कामगाराने पगाराचे पाऊण टक्का भरावे, मालकाने सव्वातीन टक्के, आणि आजारपण योजनेने सोसावे. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये. कायदा चांगला. पण त्याची सुरुवातच 'हंगामी कारखाने सोडून' अशी होती, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय याची यादी कायद्यात दिली होती. तीत कापूस पिंजणे आहे, चहा आहे, साखर आहे आणि साखरेच्या पुढे कंसात एक शब्द आहे: गुळासह. दिल्लीला बसून ज्याने तो शब्द घातला, त्याने राहू बेटातले चुलवाण पाहिले नसेल. २०२५ च्या नोव्हेंबरपासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. 'हंगामी कारखाना वगळून' हे शब्द तिच्यातही आहेत. चुलवाणात चिपाड टाकणारा, काहिलीपाशी पहाटेपासून उभा असणारा, आज कित्येक गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून आलेला मजूर. त्याचा रक्तदाब कोणी कधी मोजला आहे? राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेली. पण तिला येथले कागद लागतात. ज्याचे कागद गोरखपूरला त्याने काय करावे? या गावातल्या गुऱ्हाळमालकांशी आम्ही वर्षभर वाद घालतो; आजही ते समोर बसले आहेत, आणि त्यांतल्या दोघांनी आपल्या गुऱ्हाळावर महिन्यातून एकदा रक्तदाब तपासण्याचे कबूल केले आहे. पट्टा बांधून पारा पाहायला दोन मिनिटे लागतात आणि रक्तदाबाची गोळी स्वस्त आहे. जाळीची गरज पडू न देणारे याहून सुरक्षित उपकरण आम्हाला तरी सापडले नाही.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट. २०१० साली एका परदेशी कंपनीने कमरेच्या सांध्याचे आपले सदोष उपकरण जगभरातून परत बोलावले. आपल्या देशात ते हजारो रुग्णांना बसवले होते. केंद्राच्या समितीने पुढे किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण मोठ्या संख्येने रुग्णांचा पत्ताच लागेना, कारण कोणाला कोणते बसवले याची नोंद जुळवता येत नव्हती. ज्याला ठाऊक नाही की आपल्या अंगात काय आहे, तो मागणार काय? जाळी येते त्या खोक्यावर कंपनीचे नाव, नमुना आणि तुकडी क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या असतात. त्यातली एक रुग्णाच्या कागदावर लावायची असते. दवाखान्यातून निघताना ती मागून घ्या, छत्रीचीही घ्या, आणि डिस्चार्जच्या कागदावर आपल्या डोळ्यांदेखत चिकटवून घ्या. मग तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. घरातली ती एकच पिशवी अशी असते, की जी कधी हरवत नाही.